गुरुवारचा अहवाल

"आणि तिथली हवा?" बायकोनं डोळे मिटूनच विचारलं.

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या तिच्या नवऱ्यानं हातातला कागद उगाच सरळ केला. ते एका कॉम्प्रेसरचं वॉरंटी कार्ड होतं. "हवा दाट आहे," तो म्हणाला. "दाब आपल्या अडीचपट."

तिला दिसेनासं होऊन दोन महिने झाले होते, म्हणून हे खपत होतं. गाठ डोक्यात होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. जन्मभर बंद पडलेली यंत्रं चालू करून देणारा हा माणूस घरात मात्र तिची उशी नीट करण्यापलीकडे काही करू शकत नव्हता. बरी असताना ती चिडवायची, हातात पाना नसला की ह्यांना अन्न गोड लागत नाही. आता पाना लावायला जागाच नव्हती.

तिचा जीव अडकला होता एका ग्रहात. एकमेकांभोवती फिरणारे दोन सूर्य आणि त्या दोघांभोवती फिरणारा तो ग्रह, तिनं सहा वर्षं खपून शोधलेला. गेल्या महिन्यात वेधशाळेतल्या तिच्या सहकारी बाईंचा फोन आला. बाई अडखळत, वाचून दाखवल्यासारखं बोलल्या. ग्रह नाहीच, मागच्या एका तिसऱ्याच ताऱ्यानं फसवलं. ताईंना यातलं काही कळू देऊ नका. दर गुरुवारी अहवाल येतो म्हणून सांगा आणि तुम्हीच वाचून दाखवा.

तो कामाला लागला. वाचनालयातून पुस्तकं आणली आणि दुकानात उघड्या फ्रिजसमोर बसून ग्रह जुळवायला घेतला. आकार ठरवला, वजन ठरवलं. एका माणसाच्या दोन सावल्या पडतात, एक सूर्य दुसऱ्याआड गेला की दुपारीच गारठा येतो, हे सगळं त्यानं तिला सांगितलं. खोटं बोलणं जिवावर यायचं, तरी तो गुरुवारची वाट बघायचा.

"गॅस कोणता आहे हवेत?" तिनं विचारलं.

याची तयारी नव्हती. तोंडाला आलं ते नाव त्यानं सांगून टाकलं. फ्रिजमध्ये भरतात तो गॅस. आणि लगेच जीभ चावली. तो कारखान्यात बनतो, आपोआप कुठं सापडत नाही. आणि समोर होती ती दशांशचिन्ह चुकलं तरी लोकांचे अहवाल परत पाठवणारी बाई.

तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. "म्हणजे गारवा असेल तिथं," ती म्हणाली. "पुढच्या गुरुवारी वाऱ्याचं बघा हं."

नजरेपाठोपाठ तिची बुद्धीही चालली, असं त्याला वाटलं. तो स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून रडला.

वाऱ्याचं मात्र काही केल्या जमेना. दोन सूर्य तापवत असताना वारा कुठल्या दिशेनं वाहील, हे एकाही पुस्तकात नव्हतं. बुधवारी दुपारी तो वेधशाळेत गेला.

"मला वारा सांगा," तो सहकारी बाईंना म्हणाला. "उद्या गुरुवार आहे. परत चुकलो तर तिला कळेल. एवढं एकच काम माझ्या हातात उरलंय."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग टेबलाचा खण उघडून एक कागद त्याच्यापुढे ठेवला. "भाऊजी, फोनवर मी हाच वाचत होते. ताईंनी घरी येणाऱ्या नर्सच्या हाती पाठवला होता."

अक्षर बायकोचं होतं. न बघता लिहिलेलं, ओळी एकमेकींवर चढलेल्या.

'काल तू आकडे वाचून दाखवलेस तेव्हाच कळलं, ग्रह नाही. चूक माझी. ह्यांना फोन करून तसं सांग आणि माझ्यापासून लपवायला लाव. दर गुरुवारी अहवाल वाचून दाखवा म्हणावं. मी काही आता दुरुस्त व्हायची नाही. ह्यांच्या हाताला काम हवं.'