चंद्रभागाबाईंचं नाक

चंद्रभागाबाईंनी काडी पेटीला टेकवली आणि तेवढ्यात मागून कुणीतरी त्यांचं मनगट गच्च धरलं. इतकं गच्च की बांगडी चामडीत रुतली.

"काडी ओढू नका, आत्याबाई!" सून होती, विजयश्री. अंगणातून पळत आलेली, बोटांना रांगोळी तशीच. "गॅस सुटलाय. घरभर वास मारायलाय!"

वास! बाईंनी शेगडीकडे पाहिलं आणि सगळं ध्यानात आलं. कॉफीसाठी ठेवलेलं दूध उतू गेलं होतं. त्या दुधाने जाळ विझला होता आणि बटण मात्र चालूच होतं. ओसरीवर बसलेल्या पाहुण्यांनी, शिवशंकरप्पांनी, हाक मारली, बाई दोन शब्द बोलायला गेल्या, दोनाचे दोनशे झाले. आत येऊन बघतात तर जाळ नाही. वाऱ्याने गेला असेल, असं म्हणून त्यांनी काडीपेटी उचलली. लायटर तर दोन दिवसांपासून बिघडलेला. दुसरं कुणी असतं तर दारातच थबकलं असतं. पण बाईंना नाक होतं कुठं?

म्हणजे चेहऱ्यावर होतं की! चांगलं तरतरीत, चमकी घातलेलं. वास तेवढा येत नव्हता. कोरोनाचा ताप पंधरा दिवसांत गेला आणि जाताना वास घेऊन गेला. आज येईल, उद्या येईल करता करता चार वर्षं झाली. बाईंनी नवऱ्याला सांगितलं नाही, पोराला सांगितलं नाही. सांगणार कशा? औरादच्या आसपास कुठंही लग्न निघालं की मसाला भाजायला चंद्रभागाबाईंनाच बोलावणं. धणे-खोबरं कढईत पडलं की बाई लांबूनच नाक उचलून म्हणायच्या, 'आता उतरा.' त्या नाकाला लुगडं-चोळीचा मान होता. वास गेल्यावर त्या रंगावर आणि तडतडीवर भागवायला शिकल्या. कुणाला पत्ता लागू दिला नाही. आणि आज शिवशंकरप्पा नातीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन सकाळी सकाळीच आले होते. त्यांना चहा चालत नाही, म्हणून ही कॉफी.

त्यात ही सून! तीन वर्षांपूर्वी हुमनाबादहून लग्न होऊन आली, तेव्हापासून रोज सकाळी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी. "आत्याबाई, जिरं करपायलंय का बघा." "दूध नासल्यावाणी वाटायलंय, बदलू का?" रोज काहीतरी खुसपट. बाईंचं डोकं फिरायचं. हिला माझी चूल पाहिजे, दुसरं काय! पोराला त्यांनी एकदा तोंडावर सांगितलंही होतं, "तुझी बायको माझ्यावर पाळत ठेवायलीय." आज तर पाहुण्यादेखत शोभा नको म्हणून त्यांनी तिला दटावून बाहेर काढलं होतं. "माझ्या पाठीमागं उभारू नको. जा, रांगोळी घाल."

विजयश्रीने बटण बंद केलं. टाकीचं रेग्युलेटर फिरवलं. मागचं दार उघडलं, खिडकी उघडली. बाई पंख्याच्या बटणाकडे वळल्या तशी ती ओरडली, "त्याला हात लावू नका!" बाईंनी हात मागे घेतला. दुसऱ्या हातात ती काडी अजून तशीच होती.

"अक्का," ओसरीवरून शिवशंकरप्पांचा आवाज आला, "गॅसचा वास यायलाय का हो?"

ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला वास येतो, आणि ज्या नाकासाठी तो इतक्या लांबून आलाय, ते नाक शेगडीपाशी काडी घेऊन उभं! आता तो आत येणार. तुम्हाला कसं कळलं न्हाई, असं विचारणार. संध्याकाळपर्यंत गोष्ट औरादच्या बाजारात पोचणार. मग कुठलं बोलावणं आणि कुठला मान! बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि सगळं सांगायला ही तीन वर्षांची पाळत ठेवणारी तर समोरच उभी होती.

शिवशंकरप्पा दारात येऊन उभे राहिले, तशी बाईंनी काडी पदराआड केली. "काय झालं?"

"माझी चूक झाली, अप्पा," विजयश्री म्हणाली. "दूध उतू गेलं अन् मी बटण तसंच ठेवून अंगणात गेले. आत्याबाईंना वास आला, म्हणून त्या पळत आत आल्या. न्हाईतर आज काही खरं नव्हतं."

"तरी म्हणलं, अक्का बोलता बोलता उठून कामून गेल्या!" म्हातारा मान डोलवत हसला. मग सुनेकडे वळून म्हणाला, "लक्ष कुठं असतंय गं पोरी तुमचं? मोबाईलात? सासूचं नाक हाय म्हणून वाचलीस." विजयश्रीने मान खाली घालून फडकं उचललं. "अक्का, सोमवारी गाडी पाठवतो. मसाला तुमच्याबिगर भाजायचा न्हाई," असं बजावून तो ओसरीवर परत गेला.

बाई तशाच उभ्या राहिल्या. जीव वाचला होता, अब्रू वाचली होती, आणि तरी सुनेकडे बघायची हिंमत होत नव्हती.

"कामून खोटं बोललीस?" त्यांनी शेवटी विचारलं.

विजयश्री शेगडीवरचं दूध पुसत राहिली.

"मला जरा सर्दी झालीया," बाई म्हणाल्या. "म्हणून कळलं न्हाई, दुसरं काही न्हाई."

विजयश्रीने फडकं पिळलं.

"सर्दी तुम्हाला माझ्या लग्नाच्या आदुगरपासून हाय, आत्याबाई. म्हणून तर मी रोज सकाळी इथं येऊन उभारते."