मोहफुलांचा केक

“गुलाबना डबा कोठे शे?” प्रमिलाबाईंनी पिशवी पुन्हा उपसली.

“आणलाच नाही, मावशी,” सोनम म्हणाली आणि तिनं दुसराच डबा उघडला.

केक नंदुरबारहून सोनमच्या घरी, मोलगीपर्यंत, जीपमध्ये मांडीवर आला होता. फुलं मात्र वेगळी आणली होती. बटरक्रीमवर फाँडंटची, म्हणजे साखरेच्या लगद्याची, फुलं आधीच ठेवली की ओल धरतात आणि माना टाकतात. ती पोचल्यावरच लावायची, हे प्रमिलाबाईंनीच शिकवलं होतं. पाकळी किती पातळ लाटायची, तिची कड बोटानं कशी वळवायची, तेही त्यांनीच. सोनम नंदुरबारला त्यांच्याकडेच राहून काम शिकत होती. सोनमच्या गुलाबांवर त्यांचा फार जीव. आज त्या गुलाबांवरच सगळं ठरणार होतं.

सोनमच्या आजीनं, रूपलीबाईनं, निरोप धाडला होता की होळीआधी पोरीला कायमची घरी आणा. घरात तिचाच शब्द शेवटचा. सोनमच्या वडिलांनी, आमशानं, फार विनवल्यावर ती काम एकदा पाहायला तयार झाली होती.

“पाहते,” ती म्हणाली होती. “पण साखरेची खेळणी करायला पोर शहरात ठेवायची नाही.”

डब्यात बोराएवढी, पिवळसर, फुगीर फुलं होती. सोनम ती केकवर न ठेवता खाली थाळीत पसरू लागली. एक इथे, दोन-चार तिथे.

“तुनी हाई काय करं?” प्रमिलाबाई कुजबुजल्या. “फुलं वर ऱ्हातस, खाले नही. बोरं सांडेल शेतस अस दिखस!”

“मोह आहे, मावशी. तो कोणी तोडत नाही. पहाटे आपला आपण गळतो, मग वेचायचा.”

प्रमिलाबाईंनी एक फूल हातात घेतलं. देठाकडे हलकं चिमटलेलं, तोंडाशी बारीकसं भोक. हे त्यांनी कधीच शिकवलं नव्हतं. त्यांनी ते होतं तिथेच ठेवलं.

रूपलीबाई आली. थाळीसमोर उकिडवी बसली. एकेक फूल निरखू लागली. सोनमच्या धाकट्या बहिणीला, रोशनीला, धीर निघेना. तिनं एक फूल उचलून तोंडाकडे नेलं.

आजीनं तिच्या हातावर फटका मारला. “ठेव खाली!”

रोशनी रडू लागली. सोनमनं डब्याचं झाकण लावलं. आमशा उठला; आता प्रमिलाबाई एकट्याच परत जातील, असं जीपवाल्याला सांगायला हवं होतं.

“बस तू,” रूपलीबाई म्हणाली.

ती थाळीवर वाकली. झाडाखाली वाकतात तशी. एक फूल दोन बोटांनी वेचून तिनं ओंजळीत घेतलं आणि मधल्या खांबापाशी गेली. घरातल्या गेलेल्या माणसांचा नैवेद्य तिथेच ठेवत.

“आई, ते साखरेचं आहे,” आमशा हळूच म्हणाला. “झाडांना अजून कळीसुद्धा नाही.”

“मला दिसत नाही होय?” म्हातारीनं फूल जपून जमिनीवर ठेवलं. “यंदाचा पहिला मोह माझ्या नातीनं आणलाय. आधी पूर्वजांना, मग आपण.”