दोन ठिकाणांहून

"सर, त्यांचं वाक्य पूर्ण तरी होऊ द्या," काउन्सेलर मॅडम फोनच्या पडद्यावरून म्हणाल्या. "तुम्ही ऐकायच्या आधीच उत्तर देताय."

ड्रायव्हिंग स्कूलवाला ओशाळला. तो ऐकूनच बोलत होता. पंचाईत एवढीच होती की त्याची बायको शेजारच्या बेडरूममध्ये बसली होती, मधली भिंत प्लायवूडची होती आणि तिचा आवाज नेटपेक्षा भिंतीतून लवकर पोचत होता.

फॉर्ममध्ये प्रश्न होता : दोघं एकाच ठिकाणाहून बोलणार की दोन ठिकाणांहून? त्याने 'दोन'वर बोट टेकवलं होतं. अकरा महिने तो हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होता. म्हणजे तसं खोटं काही लिहिलं नव्हतं. मॅडमनी मात्र त्याचा अर्थ दोन गावं असा घेतला, आणि आता चूक दुरुस्त करायला दोघांचीही जीभ रेटेना.

सुरुवातीला मॅडमनी आपलं हवापाणी विचारलं.

"इकडे चांगलं ऊन आहे," बेडरूम म्हणाली.

"इकडे नाही," हॉल म्हणाला.

मग कुकरची शिट्टी झाली. दोन्ही फोनमधून, अर्ध्या सेकंदाच्या फरकाने. "अरे वा, दोघांकडे एकाच वेळी स्वयंपाक!" मॅडम कौतुकाने म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. तिसऱ्या शिट्टीला मॅडमच्या पडद्यावर दोन रिकाम्या चौकटी उरल्या. स्वयंपाकघराच्या दारात नवराबायको एकमेकांवर आदळता आदळता राहिली. त्याने अंग चोरून वाट दिली, तिने गॅस बंद केला, आणि एक शब्द न बोलता दोघं आपापल्या गावी परतली.

खरं तर मॅडमचं क्लिनिक काही लांब नव्हतं. पण तिथवर जायचं म्हणजे त्याच्या गाडीत बसायचं, आणि मुलगी गेल्यापासून बायको त्याच्या गाडीत बसली नव्हती. घरबसल्या होतंय म्हटल्यावरच ती 'बघू' म्हणाली होती.

"मग," मॅडमनी पेन खाली ठेवलं, "आज त्या दिवसाबद्दल बोलायचं का?"

त्याचा हात आपोआप खिशातल्या गाडीच्या किल्लीकडे गेला. तेवढ्यात फोन विझला. बॅटरी सकाळपासूनच कण्हत होती, पण चार्जर बेडरूममध्ये होता, आणि चार्जर मागायचा म्हणजे बोलावं लागलं असतं.

सुटलो, असं त्याला वाटलं. तो उठला.

"हे दिसेनासे झाले," भिंतीतून बायको म्हणाली.

"नेट गेलं असेल," मॅडमचा बारीक आवाज आला.

"नेट कसलं! उठून गेले असतील. विषय निघाला की गाडी काढतात. दोन-दोन तास फिरून येतात, आणि आल्यावर विचारतात काय, तर दूध आणायचं होतं का." ती थांबली. "बरं झालं गेले. ह्यांच्यासमोर नसतं सांगता आलं."

त्याचा एक पाय चपलेत गेला होता. तो तिथेच राहिला.

"त्या दिवशी ह्यांनी बजावलं होतं मला. तिला एकटीला हायवेला पाठवू नकोस, हात कच्चा आहे म्हणून. मी म्हटलं, लायसन्स काय फ्रेम करून लावायला काढलंय? हे आंघोळीला गेले आणि मी तिच्या हातात किल्ली दिली. मी दिली, मॅडम."

भिंतीतून तिचा आवाज आता चढला.

"अकरा महिने झाले. एकदाही म्हणाले नाहीत, मी सांगितलं होतं ना तुला. भांडताना नाही, चिडून नाही, कध्धी नाही. मी रोज वाट बघते हो. ताटात वाढताना वाटतं, आता म्हणतील. एकदाचं म्हणून टाकावं की माणसाने! मोकळं तरी करावं."

त्याने चपलेतून पाय काढला.

शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक शिकवणाऱ्याच्या. हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरा ब्रेक किती वेळा दाबला गेला, ते मात्र शिकवणाऱ्यालाच ठाऊक असतं. तो भिंतीपाशी गेला आणि प्लायवूडवर तळहात टेकून उभा राहिला.

"हात कच्चा नव्हता तिचा," तो म्हणाला.

त्याने बोटाने प्लायवूडवर टकटक केलं.

"ऐकतेयस ना? ब्रेक मी दाबायचो. दरवेळी. तिच्या आधी. तिला वाटायचं, आपणच थांबवली गाडी. हसायची, म्हणायची, बघा बाबा, कशी थांबवली. मी म्हणायचो, शाब्बास." त्याने कपाळ भिंतीला टेकवलं. "तीन महिने शिकवलं गं. एकदाही तिची तिला थांबवू दिली नाही. भीती वाटायची मला. म्हणून म्हटलं होतं, पाठवू नकोस. आणि तुला सांगायची लाज वाटली, म्हणून म्हटलं, हात कच्चा आहे."

तिकडून मॅडमचा आवाज आला, जरा गोंधळलेला.

"ताई, मागे कोणीतरी बोलतंय का? मला नीट कळलं नाही. तुमच्याकडे कोणी आलंय का? आपण थांबवू या का सेशन?"

पलंग करकरला. त्याच्या तळहाताखालचं प्लायवूड किंचित दबलं, पलीकडून कोणीतरी पाठ टेकल्यासारखं.

"नको, चालू दे," बायको म्हणाली. "आलं कोणी नाही. घरातलेच आहेत."