चौसष्ट धक्के

डिस्कच्या ॲल्युमिनियमच्या कोपऱ्याला पोचा होता. सत्यशीलाबाईंनी तो काल मोजला होता, आज पुन्हा कॅलिपर लावून मोजला. दीड मिलिमीटर. लॅपटॉपच्या आत बसवलेल्या डिस्कला एवढा पोचा पडायचा, तर लॅपटॉप नुसता पडून भागत नाही. तो आपटावा लागतो.

त्यांनी कॅलिपर मिटवला आणि काउंटरपलीकडे पाहिलं. नम्रता नेहमीच्या जागी उभी होती. आज पहिल्यांदाच तिच्याबरोबर नवरा आला होता.

"दसऱ्याला पूजा केली लॅपटॉपची," दत्तप्रसाद हसत म्हणाला. "हळद, कुंकू, झेंडूचं फूल, सगळं. आणि आमच्या हिनं मशीन चालू ठेवून शेजारीच नारळ फोडला. बसला हादरा. वनस्पतिशास्त्रात पीएचडी चाललीये मॅडम, एवढी शिकलेली बाई!"

"नारळच," नम्रता म्हणाली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं चिकटपट्टीनं एकत्र बांधलेली होती.

सत्यशीलाबाईंनी नोंदवही उघडली. नारायण पेठेतल्या या खोलीत दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक डिस्कचं तिच्यात एक पान होतं.

"हिच्या आत हादरा ओळखणारा सेन्सर आहे. चालू असताना बसलेला प्रत्येक धक्का ती स्वतःच मोजून ठेवते. जूनमध्ये नऊ होते. ऑगस्टमध्ये तेवीस. काल चौसष्ट." त्यांनी चष्मा काढला. "दसरा परवा झाला. तुमच्याकडे वर्षातून किती दसरे येतात?"

दत्तप्रसादचं हसू जागच्या जागी राहिलं. "डिस्क मोजते?"

"मोजते. कोणी मारलं ते तिला कळत नाही. किती वेळा, तेवढं कळतं."

जूनमध्ये त्यांनी नम्रताला आपला छापील कागद दिला होता. चालू मशीन हलवू नका, तापू देऊ नका, खाली जाड रबर घाला, टेबल भिंतीपासून लांब ओढा. तिनं सगळं केलं होतं. ऑगस्टमध्ये त्यांनी जमिनीवर बसून काम करायला सांगितलं, म्हणजे पडायला उंचीच उरणार नाही. तिनं तेही केलं. मशीन दुसरीकडे कुठे ठेवता येईल का, असं तेव्हा त्यांनी जाता जाता विचारलं होतं. "प्रबंध सादर झाला की बघते," नम्रता म्हणाली होती. "सगळंच तेव्हा बघते."

"तू सांगितलंस यांना?" दत्तप्रसादनं तिला विचारलं. आवाज अगदी मऊ होता.

"नाही हो. अहो, मी खरंच काही..."

थोबाडीत बसली तशी ती मागच्या लोखंडी रॅकवर आदळली. वरच्या फळीवरचा एक जुना पॉवर सप्लाय तिच्या खांद्यावर पडला. दत्तप्रसादनं तिची वेणी मनगटाला गुंडाळली, तिला उभं केलं आणि कपाळ रॅकच्या कडेवर आपटलं. रॅक दुसऱ्यांदा थरथरला.

"सोडा तिला!" सत्यशीलाबाईंच्या हातात फोन होता. "चौकी चार मिनिटांवर आहे. मी नंबर लावलाय."

त्यानं वेणी सोडली. रुमालानं हात पुसला. मग काउंटरवरची डिस्क उचलून शहाबादी फरशीवर आपटली आणि बुटाची टाच तिच्यावर दोनदा हाणली. अशा छोट्या डिस्कमधली तबकडी काचेची असते. त्यानं डिस्क उचलून कानाशी हलवली. आत वाळू भरल्यासारखी खुळखुळ झाली.

"चार वर्षांचा अभ्यास," तो नम्रताला म्हणाला आणि डिस्क काउंटरवर ठेवली. "घ्या मॅडम. आता मोजा."

दारात तो वळला. "गाडी काढतो. दोन मिनिटांत खाली ये. तोंड धुऊन."

त्याचे बूट जिन्यावर वाजत गेले. नम्रता रॅकला टेकून खाली बसली होती. भुवईतून निघालेलं रक्त हनुवटीपर्यंत आलं होतं. ती ते पुसत नव्हती. काउंटरवरच्या डिस्ककडे बघत होती.

सत्यशीलाबाईंनी कापसाचा बोळा तिच्या भुवईवर दाबून धरला. दुसऱ्या हातानं खण ओढला आणि चंदेरी पिशवीतली एक डिस्क काढली.

"दुरुस्तीला हात लावण्याआधी मी प्रत घेते. नेहमीच. काल संध्याकाळी पूर्ण झाली. प्रबंध आहे. झाडांच्या पानांची मोजमापं आहेत, चारही वर्षांची."

नम्रतानं पिशवी दोन्ही हातांत घेतली. बांधलेली बोटं नीट वळत नव्हती.

"ही किती टिकेल?"

सत्यशीलाबाईंचा हात सवयीनं छापील कागदांच्या गठ्ठ्याकडे गेला आणि तसाच परत आला.

"कुठे ठेवाल त्यावर आहे," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला रबर घालायला सांगत बसले. चुकलं माझं."

खाली हॉर्न वाजला. लगेच पुन्हा वाजला, आणि या वेळी थांबेना.

नम्रता रॅकला धरून उठली. ती दाराकडे गेली नाही. खिडकीशी गेली आणि खांद्यानं रेटून घट्ट बसलेली झडप उघडली. गल्लीत गाडीचं दार उघडं होतं. दत्तप्रसाद एक हात हॉर्नवर ठेवून वर बघत होता. समोरच्या वह्यांच्या दुकानातली गिऱ्हाइकंही वर बघत होती.

"अहो," तिनं नेहमीसारखी हाक मारली. हॉर्न थांबला.

"तुम्ही जा. मी येत नाही. आज नाही, आणि प्रबंध झाल्यावरही नाही."