फाटकापुढच्या रांगोळ्या

“हीसुद्धा माझीच,” नंदाताई म्हणाल्या. “आणि ही. थांब, ही मागच्या पाडव्याची. मोराची मान जरा आखूड झालेली.”

रुपाली लॅपटॉपवर एकेक फोटो पुढे सरकवत होती. ती वरच्या मजल्यावर राहायची, वागळे इस्टेटमध्ये नोकरीला जायची. डोंबिवलीतल्या या सोसायटीत येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. फोटो टाकायच्या एका वेबसाइटवर तिला हे खातं सापडलं होतं. चालवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. नुसत्या रांगोळ्या, हजाराच्या वर. सगळ्या नंदाताईंनी सोसायटीच्या फाटकापुढे काढलेल्या.

एका कापडाच्या दुकानाने त्यातलीच एक उचलून दिवाळीच्या पिशव्यांवर छापली होती. ती पिशवी भाजी घेताना एका बाईच्या हातात दिसली, तेव्हापासून नंदाताईंना जेवण गोड लागत नव्हतं. तीस वर्षं त्या रोज पहाटे रांगोळी काढत आल्या होत्या. स्वतः एक फोटो कधी काढला नाही. संध्याकाळपर्यंत पुसून जायची, उद्या दुसरी. आता हात कापायचा. ठिपके सरळ पडत नव्हते.

“रांगोळी तुमची, तर हक्कही तुमचा,” रुपाली म्हणाली. “तक्रार केली की वेबसाइटवाल्यांना फोटो काढून टाकावेच लागतात. पण काकू, एवढ्या तक्रारी एकदम गेल्या तर खातंच कायमचं बंद होईल. आधी मेसेज टाकून विचारू या का, कोण आहे ते?”

“चोराला कसला मेसेज? बंद करून टाक.”

रुपालीने फॉर्म भरला. नंदाताईंनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, नीट लिहून घेतेय ना हे बघत.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. खातं बंद. सगळे फोटो कायमचे काढून टाकलेले. नंदाताईंनी रुपालीसाठी शिरा केला.

“खातं चालवणाऱ्या बाईने हरकत घेतलेली नाही,” रुपाली वाचत होती. “उलट तुमच्यासाठी निरोप लिहिलाय. मराठीत. ‘या रांगोळ्या माझ्या आईच्या आहेत. हक्क तिचाच आहे.’” ती थांबली. “काकू, तुम्हाला मुलगी आहे?”

नंदाताईंनी हातातली बशी खाली ठेवली.

नऊ वर्षांपूर्वी अक्षदाने जातीबाहेर लग्न केलं आणि ती कल्याणला राहायला गेली. त्या दिवसापासून घरात तिचं नाव निघालं नव्हतं. तिला काही म्हणजे काही कळवायचं नाही, असं नंदाताईंनी सगळ्या नातेवाइकांना बजावलं होतं. सगळ्यांनी ते पाळलंही.

“ते फोटो परत आणता येतील?”

“नाही हो काकू.”

“मग वाच पुढे.”

“‘माझी शाळा डोंबिवलीतच आहे. रोज सकाळी आई घरात गेली की मी रस्ता ओलांडून फोटो काढायचे आणि शाळेत जायचे. सुट्टीच्या दिवशीही यायचे. तिचा हात कापायला लागलाय हे मला रेघांवरूनच समजलं. एखाद्या दिवशी रांगोळी लहान असली की दिवसभर शिकवण्यात लक्ष लागायचं नाही. पिशवीवाल्या दुकानाला मी काही दिलेलं नाही, एवढं आईने खरं मानावं. बाकी माझी हरकत नाही.’”

रुपाली वाचायची थांबली.

“संपलं?”

“थोडं आहे.”

“वाच गं.”

“‘बाबा आजारी आहेत एवढंही मला कुणी कळवलं नव्हतं. तेरा दिवस फाटकापुढे रांगोळी नव्हती. घरातलं कोण गेलं, ते मला माहीत नव्हतं. चौदाव्या दिवशी रांगोळी दिसली, तेव्हा कळलं की गेले ते बाबा.’”