खडू गेला डोळ्यात

'शिक्षकांचे मानसिक आरोग्य' या फॉर्मवर मृणालबाईंनी न वाचताच 'उत्तम'पुढे खूण केली, तो मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवला आणि त्या आपल्या चौथीच्या वर्गात आल्या.

भिंतीवर तक्ता होता. रोज आल्या आल्या प्रत्येक मुलाने आपल्या नावापुढे आजचा चेहरा काढायचा, हसरा नाहीतर रडका. बाईंना तो बघायला महिनाभर सवडच झाली नव्हती. आज महिना संपला म्हणून तक्ता उतरवायला त्या गेल्या, तेव्हा त्यांना ते दिसलं. शेवटच्या नावाखाली पेन्सिलीने आणखी एक ओळ आखलेली होती. नाव, 'बाई'. आणि पुढे एकवीस रडके चेहरे.

"कुणी काढलं हे?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग पहिल्या बाकावरची ईश्वरी उभी राहिली. "मी, बाई. पण आम्ही सगळे मिळून ठरवतो."

"अगं, मी कधी रडले तुमच्यासमोर?"

"समोर नाही. तुम्ही फळ्याकडे तोंड करून नुसत्याच उभ्या राहता, काही न लिहिता. मग डोळे पुसता आणि म्हणता, खडू गेला डोळ्यात."

बाई तडक मुख्याध्यापिकांच्या ऑफिसात गेल्या. "मोठ्या बाई, माझा फॉर्म परत द्या. खोटं लिहिलंय मी."

मोठ्या बाई गठ्ठा चाळू लागल्या. अकरा फॉर्म, अकरा वेळा 'उत्तम'. सगळ्यांत खाली त्यांचा स्वतःचा. तो बाहेर काढून त्यांनी पेन उचललं.

"बसा," त्या म्हणाल्या, "आधी माझा खोडते."