मोहरीची पुडी

बायको त्सुनेको गेल्यापासून मितो शहरातले कुरामोची आजोबा न्याहारीचा नात्तो स्वतःच घोटत. पातीचा कांदा घालून झाला, कच्चं अंडं फोडून झालं, आंबलेल्या सोयाबीनला तार सुटेपर्यंत मनगट दुखवून झालं. पण बायकोच्या हातची चव येईना. नात्तोच्या डब्यातलं काही वाया घालवायचं नाही ही तिचीच शिस्त, म्हणून आत निघालेली वाटलेल्या मोहरीची पुडीही ते इमानाने पिळत आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढत बसत.

शेवटी एक पुडी मुठीत धरून त्यांनी दुकान गाठलं.

"नेझुबाई, चाळीस वर्षं हाच नात्तो खातोय. मोहरी कधीच नव्हती! कंपनीला आत्ताच ही काय दुर्बुद्धी सुचली?"

"आजोबा, गल्ल्यावर बसून माझे केस पिकले. पुडी पहिल्यापासून आहे. तुम्ही कधी स्वतः डबा उघडला असेल तर ना!"

आजोबा पाय ओढत घरी आले. आज नुसता भात आणि खारवलेलं आलुबुखार, असं ठरवून त्यांनी फ्रिजमधली बरणी काढली, तर तिच्यामागे आणखी एक बरणी होती.



मोहरीच्या पुड्यांनी गच्च भरलेली. आजोबांनी मुठीतली पुडी तिच्यात कोंबली, पण झाकण काही केल्या लागेना.